घडीचा सामुराई

सामुराई म्हटलं की आपल्याला शिंगंवालाच आठवतो. त्या लोकांनी थाटच तसा केला होता. होंडा तादाकात्सूच्या शिरस्त्राणावर हरणाची शिंगं, दाते मासामुनेच्या कपाळावर भलीमोठी चंद्रकोर आणि नाओए कानेत्सुगू तर शिरस्त्राणावर चक्क ‘प्रेम’ हे अक्षर लावून मुंडकी उडवायला निघायचा. जाणकार म्हणतात, ते अक्षर एका देवाच्या नावातलं आहे. असेल. समोरच्याला मरता मरता हा खुलासा कोण करणार? त्याखाली रागीट लोखंडी मुखवटा, मुखवट्याला केसांच्या मिशा आणि हनुवटीखाली एक बारीकसं भोक. ते कशासाठी? तर मुखवट्याआड साचणारा घाम वाहून जावा म्हणून. त्या एका भोकामुळे मला हे लोक पहिल्यांदा माणसं वाटले.

पण एवढं सगळं अंगावरून उतरवल्यावर हा मनुष्य ते ठेवायचा कुठे? इतिहासाची पुस्तकं याबाबतीत गप्प असतात. कोणी कोणाला कुठल्या नदीच्या काठी हरवलं हे सांगतात. हरवून घरी आल्यावर वीस किलोंचा पसारा कुठल्या कोनाड्यात गेला, हे सांगत नाहीत. हा संसारी प्रश्न आहे आणि जपान्यांनी त्याचं संसारी उत्तरही काढून ठेवलं: घडीचं चिलखत. त्यांच्या भाषेत तातामी गुसोकू.

रचना सांगतो. लोखंडाच्या लहान लहान चौकोनी पट्ट्या घ्यायच्या, कधी कच्च्या चामड्याच्याही. आकाराने खेळण्यातल्या पत्त्याएवढ्या किंवा त्याहून लहान. पत्ते जपानला पोर्तुगिजांनी शिकवले, म्हणून या पट्ट्यांनाही ‘कारुता’च म्हणतात. प्रत्येक पट्टीवर लाखेचा थर, कडेला बारीक भोकं. दोन पट्ट्यांच्या मध्ये बोटभर जागा सोडून तिथे साखळी विणायची: एक गोल कडी, एक लांबट कडी, पुन्हा एक गोल. ही सगळी जाळी तागाच्या किंवा सुती कापडावर टाके घालून बसवायची. कडी न् कडी, पट्टी न् पट्टी हाताने शिवलेली. पट्ट्या कासवाच्या पाठीसारख्या षट्कोनी असल्या तर त्याला ‘किक्को’ म्हणायचं. झालं चिलखत. घातलं की छाती झाकते, काढलं की घडी होते आणि घडी छोट्या पेटीत बसते. पेटी पाठीला बांधली की सैनिक निघाला.

शिरस्त्राणाचं काम याहून भारी. एकात एक बसणारी लोखंडी कडी, खालचं मोठं, वरचं लहान, दोऱ्यांनी एकमेकांना जोडलेली. आडवं ठेवलं तर ताटलीएवढं जाड. शेंडीला धरून वर ओढायचं, कडी एकेक करून उभी राहतात आणि डोक्याच्या आकाराची टोपी तयार होते. मग आकडा अडकवायचा. जपानी कागदी कंदील असाच उघडतो, म्हणून याचं नावच ‘चोचिन काबुतो’, कंदिली शिरस्त्राण. हा आकडा भर लढाईत सुटला तर काय, ही शंका मला संग्रहालयाच्या काचेसमोर उभं राहून नेहमी छळते. समोरून तलवार उपसून कोणी येतंय आणि आपलं शिरस्त्राण हळूच, अदबीने, कपाळावर बसतंय.

आता हे वापरायचं कोण? शिंगंवाले दाइम्यो, म्हणजे बडे सरदार, नव्हेत. सोळाव्या शतकात जपानातले सरदार एकमेकांच्या जिवावर उठले, फौजा हजारांवर गेल्या आणि बंदूक आली. १५७५ साली नागाशिनोला ओदा नोबुनागा या सरदाराच्या बंदुकधाऱ्यांनी ताकेदा घराण्याच्या घोडदळाची जी दैना केली ती प्रसिद्धच आहे. त्या बंदुका धरणारे हात होते साध्या पायदळातल्या माणसांचे, ‘आशिगारू’ नावाच्या. काल शेतात, आज रांगेत. यांच्याकडे स्वतःचं चिलखत कुठून येणार? मालकच द्यायचा. त्याला नावही रोखठोक होतं: उसनं चिलखत. छातीवर मालकाच्या घराण्याचं चिन्ह रंगवलेलं, म्हणजे मेलास तरी आमचा म्हणूनच मेलास. आणि वाचलास तर लढाई संपल्यावर मुकाट्याने परत जमा कर. अशी शेकडो चिलखतं कोठारात ठेवायची, तर स्वस्त, हलकी आणि एकावर एक रचता येणारी हवीत. घडीच्या चिलखताच्या मुळाशी शौर्य कमी आणि कोठाराच्या कारकुनाची डोकेदुखी जास्त आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

या आशिगारूंसाठी सतराव्या शतकात लिहिलेली एक मार्गदर्शक पोथीच आहे. तिच्यातली एक गोष्ट मराठी माणसाने वाचलीच पाहिजे. अळूचे देठ वळून त्यांची दोरी करायची, ती मिसोमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, शिजवून वाळवायची आणि तिने सामान बांधून मोहिमेवर निघायचं. मुक्काम पडला की दोरीचा तुकडा तोडून पाण्यात उकळायचा. अळूचं आंबट-गोड फदफदं लग्नाच्या पंगतीत द्रोणातून सांडत असताना आपल्या मनात कधी आलं होतं का, की याच देठांनी कोणी चिलखताची पेटी पाठीला बांधली असेल? घडीचं चिलखत आणि खायची दोरी! ज्या डोक्यांतून या दोन गोष्टी निघाल्या त्यांना मी शिंगांपेक्षा जास्त मान देतो.

पुढे विनोद वाढला. १६०० साली सेकिगाहाराची लढाई, १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला, १६३७-३८ मध्ये शिमाबाराचं बंड, आणि मग तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या, राज्यात दोनशे वर्षांहून जास्त काळ शांतता. लढवय्यांची आख्खी जमात, पगार तांदळात, कमरेला दोन तलवारी आणि लढाई कुठेच नाही. पण चिलखत बाळगणं तर धर्म! मग चिलखतं होत राहिली. आज बाजारात दिसणारी बहुतेक घडीची चिलखतं याच शांततेच्या काळातली आहेत. त्यांनी सगळ्यात मोठी झुंज दिली ती दमटपणाशी आणि कसरीशी. या काळात कारागिरांनी ‘साबी-नुरी’ नावाचा प्रकार रंगात आणला: लोखंडावर अशी लाख द्यायची की ते गंजल्यासारखं दिसावं. आत लोखंड चकचकीत शाबूत, वर गंजाचं सोंग. खऱ्या गंजाला दार बंद आणि खोट्या गंजाला मानाचं पान. १८०० साली साकाकिबारा कोझान नावाच्या विद्वानाने ग्रंथ लिहून आपल्या काळच्या चिलखतवाल्यांना झोडपलं, की तुम्ही नुसती शोभेची बाहुली करताय, जुन्या लढवय्यांची उपयोगी चिलखतं बघा. त्याला म्हणावंसं वाटतं, कोझानसान, लढाईच नाही तर शोभाच करणार ना माणूस?

आणि मग १८५३ च्या जुलैत अमेरिकेचा कमोडोर पेरी चार जहाजं घेऊन उरागाच्या खाडीत आला. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, जी धावपळ उडाली, तिला तोड नाही. पणजोबांच्या पेट्या खाली उतरल्या. कोणाचं चिलखत सावकाराकडे गहाण, कोणाला स्वतःचं बांधता येईना. जुन्या शस्त्रांच्या दुकानदारांनी भाव असे चढवले की गावभर त्यावर टवाळीची कवनं फिरू लागली. दोनशे वर्षं माशा मारल्यावर एका अमेरिकन माणसाच्या कृपेने त्यांची दिवाळी झाली. त्या दिवसांत एदोतल्या किती घरांत नवरे अर्धवट चिलखतात उभे असतील आणि किती बायका दोऱ्या ओढत ‘पोट आत घ्या’ म्हणत असतील, याचा हिशेब इतिहासाने ठेवलेला नाही. घडीच्या चिलखताचा हा आणखी एक फायदा: त्यात पोटाला थोडी सवलत असते.

पेरीशी लढाई झालीच नाही. १८६८ मध्ये मेइजी राजवट आली, १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी झाली आणि सामुराई नावाचा नोकरदार बेकार झाला. मग पेट्या पुन्हा खाली आल्या, या वेळी विकायला. घेणारे परदेशी. त्यांतला माझा आवडता गिऱ्हाईक म्हणजे बॅशफर्ड डीन. हा न्यूयॉर्कचा मत्स्यशास्त्रज्ञ. अंगावर हाडांची कवचं असलेल्या प्राचीन माशांचे जीवाश्म हा त्याचा विषय. समुद्री जीवांचा अभ्यास करायला जपानला गेला आणि चिलखतं गोळा करायला लागला. पुढे मेट्रोपॉलिटन म्युझियमचा शस्त्र आणि चिलखत विभाग १९१२ साली त्याच्याच हाताखाली उभा राहिला. लोकांना हा मोठा योगायोग वाटतो. मला नाही वाटत. कवच दिसलं की त्याचा जीव गुंतायचा. आत मासा होता की माणूस, हा तपशील.

चिलखतांनी समुद्र ओलांडायची ही काही पहिली खेप नव्हे. १६१३ साली शोगुन हिदेतादाने इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाला दोन चिलखतं भेट पाठवली. ती लंडनच्या टॉवरमध्ये पोचली आणि पुढे लोकांना मोगल बादशहाची भेट म्हणून दाखवली गेली. कोणी, कोणाला, कधी दिलं याचा घोळ करण्यात साहेब तेव्हाही पटाईत होता. उलट दिशेचा नजराणा त्याआधीच आपल्या शेजारून, गोव्यातून, गेला होता. पोर्तुगीज व्हाइसरॉयने १५८८ साली जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याला पत्र लिहिलं. वालिन्यानो नावाच्या जेझुइट पाद्र्याने ते १५९१ साली क्योतोला नेऊन सादर केलं. पत्रात भेटींची यादी आहे: तलवारी, दोन चिलखतं, घोडे, बंदुका, सोनेरी पडदे आणि एक तंबू. गोव्याहून निघालेला तो कागद आज क्योतोच्या म्योहो-इन मंदिराकडे आहे आणि जपानचा राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेला आहे. मी यादी पुन्हा पुन्हा वाचली. युरोपी चिलखत म्हणजे ठोकून काढलेला पत्रा, त्याची घडी कसली होते? त्या साऱ्या शाही नजराण्यात गुंडाळून ठेवता येईल असा शहाणपणाचा माल पडदे आणि तंबू एवढाच.

आता आजच्या संग्राहकांकडे वळू. ही एक स्वतंत्र जात आहे. टोकियोत निशी-कासाई भागात, जिथे भाजीच्या दुकानात मराठी ऐकू येतं, तिथे आमचे एक पन्नाशीतले स्नेही राहतात. नोकरी बँकेच्या संगणकांची, वेड सामुराईचं. घरात पूर्ण चिलखत उभं करायचं ही त्यांची जुनी इच्छा. ते पेटीवर बसवून ठेवायची रीत आहे. साधारण एका बसलेल्या पाहुण्याइतकी जागा लागते आणि हा पाहुणा जात नाही. वहिनींनी एका वाक्यात निकाल दिला: “अहो, आधी कपडे वाळत घालायच्या स्टँडला जागा करा, मग सामुराईला करू.”

तेव्हा स्नेह्यांना घडीच्या चिलखताचा शोध लागला. पेटी आली. पेटीवर समोरच्या बाजूला ‘पुढची बाजू’ अशा अर्थाचं भलंमोठं अक्षर होतं. अशा पेट्यांवर ते असतंच, कारण घाईत उलटी पेटी उघडून फजिती झालेले वीर तिथेही असणार. स्नेह्यांनी पांढरे हातमोजे घातले, श्वास रोखला आणि घडी उलगडली. आतल्या कापडाने आवाज केला. लोखंड दोनशे वर्षं टिकतं, कापड टिकत नाही. घडीच्या रेषेवर ताग पिठासारखा झडायला लागतो. पट्ट्या तशाच, साखळी तशीच, त्यांना धरून ठेवणारा धागा मात्र गेला. चिलखत मरतं ते असं, आतून. अर्धा तास डोळे भरून पाहिल्यावर लक्षात आलं, की ते परत घडी घालून पेटीत जात नाहीये. घडीच्या चिलखताबद्दल कोणीही न सांगितलेली गोष्ट हीच: उलगडायला एक मिनिट, मिटायला आख्खा रविवार.

“मी घालू का?” वहिनींनी विचारलं.

“हात लावू नकोस! हाताच्या घामाने लोखंड गंजतं.”

“आणि घालणाऱ्याला लढाईत घाम येत नव्हता वाटतं?”

मग वहिनींनी जे सांगितलं, ते मी संग्रहालयांच्या जतनाच्या पुस्तकांत नंतर वाचलं. त्या म्हणाल्या, पैठणी एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवली तर घडीवर जर तुटते, म्हणून अधूनमधून घडी मोडून दुसरीकडे घालायची, आत मऊ मलमल ठेवायची. संग्रहालयं हेच करतात. मलमलीऐवजी आम्लविरहित कागदाच्या गुंडाळ्या ठेवतात आणि याला ‘संवर्धन’ म्हणतात. वहिनींच्या आजीकडे याला काही नाव नव्हतं. जूनमध्ये टोकियोत पाऊस लागला की आता त्या घरात ओल शोषणारी डबी पहिल्यांदा चिलखताच्या पेटीत जाते, मग गाद्यांच्या कपाटात. वहिनींची याबद्दल तक्रार आहे, पण चिलखताची घडी त्याच घालतात. हातमोजे न घालता; फक्त हात साबणाने धुऊन.

संग्राहकांना चिलखतापेक्षा चिलखताची गोष्ट प्यारी. वस्तू ‘कोठारात सापडली’ असावी, म्हणजे कुठल्याशा खेड्यातल्या मातीच्या भिंतींच्या कोठारात, धुळीत, शंभर वर्षं हात न लागलेली. या एका वाक्याने किंमत हलते. मग पोचे. जुने कारागीर छातीवर मुद्दाम गोळी झाडून माल सिद्ध करायचे आणि पोचा तसाच ठेवायचे. आता पोचा दिसला की संग्राहक डोळे मिटून रणांगण ऐकतो. खरं तर तो दुकानदाराच्या हमीचा शिक्का. मग घराण्याचं चिन्ह. तोकुगावांची तीन पानं छातीवर असली तर भाव वेगळा, म्हणून ती पानं चिलखतानंतर शंभर-दीडशे वर्षांनीही उगवू शकतात. मग दाखला. म्योचिन नावाचं चिलखतकारांचं नामांकित घराणं होतं. त्यांनी काम उत्तम केलं, पण वंशावळही तितक्याच कौशल्याने ठोकून काढली आणि जुन्या शिरस्त्राणांना आपल्या अस्तित्वात नसलेल्या पूर्वजांच्या नावाचे दाखले दिले. म्हणजे दाखला अस्सल जुना, कारागीर काल्पनिक. असा कागद हातात आला की संग्राहकाने रडावं की हसावं? बहुतेक जण चौकट करून भिंतीला लावतात.

आणि वस्तू आली कुठून, हा प्रश्न तर विचारूच नये. कुरोसावाच्या १९५४ च्या ‘सेव्हन सामुराई’ चित्रपटात सातांपैकी एक, किकुचियो, मोठ्या उत्साहाने गावकऱ्यांनी लपवलेली चिलखतं काढून आणतो आणि बाकीच्या सामुराईंचे चेहरे पडतात, कारण ती हरून पळणाऱ्या सामुराईंना मारून मिळवलेली असतात, हे त्यांना कळतं. लिलावाच्या सूचीत याला ‘पूर्वीचा मालक अज्ञात’ म्हणतात.

पण सगळ्यात मोठी लोणकढी म्हणजे निन्जा. घडीचं चिलखत किंवा कपड्यांखाली घालायचा साखळीचा सदरा कुठे विकायला निघाला, की विक्रेता आवाज खाली आणून सांगतो, हे निन्जाचं. हलकं, लपणारं, पिशवीत मावणारं, म्हणजे गुप्तहेराचंच! प्रत्यक्षात साखळीचे सदरे एदोतले पोलीस शिपाई गुंडांना पकडायला जाताना घालायचे. पण ‘एदोच्या शिपायाचा सदरा’ म्हटलं तर कोण दोन पैसे जास्त देणार? रात्री छपरांवरून उड्या मारणाऱ्याच्या अंगावर एवढं लोखंड खुळखुळत असेल तर त्याचा कार्यक्रम पहिल्या छपरावरच आटोपेल, हा विचार गिऱ्हाइकाच्या मनात येत नाही; आला तरी तो दाबून टाकतो.

एवढं सगळं वाचूनही कोणाला घ्यायचंच असेल, तर चार शब्द सांगतो. आधी कापड बघा, मग लोखंड. लोखंड सगळ्यांचंच चांगलं असतं. उलटं करून टाके बघा. सगळा दोरा एकसारखा ताजा पांढरा असेल तर चिलखताचं वय सोडा, दोऱ्याचं विचारा. दुकानदाराला घडी उलगडायला सांगितलीत, तर मिटतानाही समोर उभे राहा आणि त्याचे हात नीट बघून ठेवा, कारण घरी ते काम तुमच्या गळ्यात पडणार आहे. घरात पैठणीच्या घड्या घालणारं कोणी असेल तर त्यांना बरोबर न्या, ती पारख पुस्तकात मिळत नाही. आणि दुकानदार आवाज खाली आणून ‘निन्जा’ म्हणाला, की नमस्कार करा आणि पाकीट खिशात घालून बाहेर पडा.